आईच्या मापाचा डगला

मी एक जुना नारिंगी डगला आहे. मला बाह्या आहेत तसे पायही आहेत. गळ्यापासून घोट्यापर्यंत अख्खा माणूस माझ्यात मावतो. दूर उत्तरेतल्या हुसाविक बंदराच्या धक्क्यावर ओद्दुर नावाच्या तांडेलाची टपरी आहे, तिथल्या खुंटीवर मी राहतो. त्याच्या बोटीतून देवमासे बघायला जाणाऱ्यांना समुद्रावर थंडी वाजू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

मित्रांनो, जन्म माझा कारखान्यातला, पण मला जगवलं ते ओद्दुरच्या आईने, स्टाइनवरबाईंनी. दर हिवाळ्यात त्या आम्हा सगळ्या डगल्यांना घरी नेतात, उसवलेलं शिवतात, बिघडलेल्या चेन बदलतात. माझ्या कोपरावर आता मूळ कापड कमी आणि ठिगळं जास्त आहेत. बाईंचा हात मऊ, जीभ मात्र तिखट. त्यांचे यजमान याच बोटीवर कॉड मासे पकडायचे. ते गेल्यावर ओद्दुरने जाळी विकली, बोटीत बाकं ठोकली आणि पाहुणे न्यायला लागला. "बाप माशांवर जगला, हा बघ्यांवर जगतो," असं बाई शेजारणींना सांगायच्या, आणि तेही ओद्दुरच्या कानावर जाईल अशा बेताने.

माझं माप सगळ्यांत लहान. हंगाम सुरू झाला की ओद्दुर मला आईपुढे धरायचा आणि म्हणायचा, हा तुलाच बसतो, एकदा चल. बाई माझी शिवण ओढून बघायच्या आणि मला परत खुंटीला लावायच्या. तो हसण्यावारी न्यायचा, पण माझ्यावरची त्याची पकड कशी सैल व्हायची ते मला कळायचं. आईने एकदा आपलं काम बघावं, याहून त्याला दुसरं काही नको होतं.

त्या जुलैतल्या दिवशी सकाळची फेरी फुकट गेली. ज्या शिक्षिकेने मला घातलं होतं ती बोट लागून अर्धा वेळ कठड्यावर ओणवी होती आणि उरलेला वेळ नुसतं पाणी बघत होती. दुपारी एका देवमाशाची पाठ दिसली, तीही लांबून. संध्याकाळच्या फेरीआधी निरोप आला की कोको आणि दालचिनीचे पाव वाटणारी मुलगी तापाने पडली आहे. बोट भरलेली आणि हात कमी. बाई एका डगल्याची चेन दुरुस्त करायला टपरीवर आल्या होत्या. ओद्दुर त्यांना चल म्हणाला नाही. नुसता कोकोच्या किटलीकडे बघत उभा राहिला.

"बघायला नाही येत मी," बाई म्हणाल्या. "कामाला येते."

त्यांनी मला खुंटीवरून काढलं. इतकी वर्षं मला शिवणारे हात पहिल्यांदाच माझ्या बाह्यांत शिरले. मला धन्य वाटलं, खोटं कशाला बोलू.

बोट बंदराबाहेर मोकळ्या पाण्यात आली. पलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ उन्हाने पिवळा दिसत होता. बाई मात्र समुद्राकडे पाठ करून ओद्दुरने केलेल्या कोकोची किटली ढवळत बसल्या होत्या. तेवढ्यात इंजिन बंद झालं. ओद्दुरनेच ते बंद केलं होतं. एरवी देवमासा कुठे आहे ते तो भोंग्यावरून घड्याळाच्या आकड्यांत सांगतो, म्हणजे बोटीचं नाक बारा आणि उजवा हात तीन. त्या दिवशी तो तीन म्हणाला नाही. भरल्या बोटीत, आपल्या घरच्या भाषेत, तो म्हणाला,

"आई, उजवीकडे बघ."

पाहुण्यांना शब्द कळले नाहीत. बाईंना कळले आणि त्या वळल्या. दोन वल्ह्यांच्या अंतरावर एक देवमाशीण पिल्लाला घेऊन वर आली होती. तिने श्वास सोडला तसे मासळीच्या वासाचे तुषार माझ्या छातीवर उडाले. बाईंचं काळीज माझ्या आत धडधडत होतं. मग त्यांनी वर बघितलं. सुकाणूपाशी ओद्दुर उभा होता. देवमाशीण आणि पिल्लू लांब जाईपर्यंत त्याने इंजिनाला हात लावला नाही, आणि तोवर बाईंनीही त्याच्यावरची नजर काढली नाही.

परतताना त्यांनी सगळ्यांना कोको दिला. शेवटचा पेला घेऊन त्या ओद्दुरकडे गेल्या.

"तुझा बाप असा कधी थांबला नाही रे," त्या म्हणाल्या. "थांबायला हवं होतं." मग पेला त्याच्या हातात देत, "कोको पाणचट झालाय. उद्यापासून मी करते."

मित्रांनो, ओला डगला वाळवून टांगावा, उसवला तर शिवावा, हे तुम्ही कराल याची मला खात्री आहे. पण तुमच्या घरातलं माणूस रोज कुठे जातं आणि काय करतं, तेही एकदा जाऊन बघा. शाबासकी नाही दिलीत तरी चालेल. ओद्दुरला त्या दिवशी कुणीच शाबास म्हणालं नव्हतं, तरी धक्क्याला दोर बांधताना तो शीळ घालत होता.