पाटकऱ्याचं रान

मायानं पट्टी ठेवून चौथा रकाना आखला. सांगलीच्या कॉलेजात ती कायदा शिकवायची आणि परवाच्या चर्चासत्रात तिला निबंध वाचायचा होता: कोणत्या देशातला टेलिफोनचा नियामक खरा स्वतंत्र? अमेरिकेत पाच जणांचा आयोग, ब्रिटनमध्ये एकच महासंचालक, दिल्लीतलं प्राधिकरण तर १९९७ सालचं, जेमतेम वर्षाचं. नेमतो कोण, काढतो कोण, सगळं भरून झालं तरी उत्तर काही हाती लागेना.

तिचे वडील हिंदुराव आत आले आणि त्यांनी पाइपलाइनचे व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी कोपऱ्यात उभी केली. कुंडलच्या पाणी संस्थेचे ते बावीस वर्षं पाटकरी. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, त्यामुळे मोठमोठे बागायतदारही त्यांच्याशी अदबीनं बोलत.

"काय आखतीस येवढं?"

तिनं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"दिल्लीवाल्यास्नी नेमलं कुणी?"

"सरकारनं."

"आन् फोन कोण देतंय?"

"सरकारच. आता कंपन्याही आल्यात."

"म्हंजे रान बी त्याचंच, पाटकरी बी त्याचाच." ते हसले. "माज्याकडं चावी का दिली, ठावं हाय? मी लय शाना म्हणून न्हाई. या पाण्याखाली आपलं गुंठाभर रान नव्हतं म्हणून."

मायाला ते लागलं. उद्या सांगायची म्हणून ठेवलेली गोष्ट तिनं आत्ताच सांगून टाकली.

"आबा, लालासाहेब बागायतदार संस्थेच्या पाण्याखालची वीस गुंठे जमीन विकायला तयार झालेत. तुमच्या नावावर घेऊया."

"वड्याकडंची?"

"व्हय. ओढ्याकाठचीच."

हिंदुरावांचे डोळे भरून आले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची रानं भिजवली होती. टोपीनं डोळे पुसून ते उठले आणि सांजच्या पाळीचं पाणी सोडायचं म्हणून चावी घेऊन बाहेर पडले.

दिवेलागणीला ते परतले तेव्हा हात रिकामे होते.

"चावी कुठाय, आबा?"

"हाताखालच्या सिद्धूला दिली. त्याला रान न्हाई."

"अजून सातबारा कुठं झालाय? खरेदीलाच महिना जाईल."

"चावीवर हात ठेवला आन् वीस गुंठ्यात पयलं काय लावावं, त्योच इचार डोक्यात. पाळी कुणाची, ती आठवंना. बावीस वर्सात असं झालं न्हाई."

मायानं त्यांचं ताट वाढलं.

"आता पाणी मागाया सिद्धूच्या दारात जायाचं," ते म्हणाले, आणि सवयीनं एकदा कोपऱ्याकडं बघून जेवायला बसले.