पाठराखणीचा मंत्र

"आधी सांग, तो ड्रॅगन आपल्याला कशाने मारणार? आग, विष की वीज?" शशिकांतने पुन्हा विचारलं.

"बाबा, गेम मी चालवतेय. ते आधी सांगायचं नसतं," अनुजा म्हणाली. "एका काढ्याने एकाच प्रकारचा मार अर्धा होतो. आईसाठी कोणता घेताय, बोला."

कागदावर काढलेल्या गुहेच्या तोंडाशी अनुजाच्या आईचं, हेमाचं प्यादं एकटंच उभं होतं. शशिकांतचं मागे, झाडाआड. शेजारी हेमाचा फोन होता. तिच्या गाठीचा रिपोर्ट आज कळणार होता आणि तोवर घरात कुणी रडत बसू नये म्हणून लेकीने कॉलेजात शिकलेला हा खेळ मांडला होता.

शशिकांत पहिल्यापासूनचा भित्रा. परप्रांतातल्या गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात साहेबाने नुसती हाक मारली तरी तो हातातली फाईल खाली पाडायचा. गाठ तपासायच्या दिवशी तर त्याने कहरच केला. हॉस्पिटलच्या फाटकापाशी त्याचा पायच उचलेना. हेमा एकटी आत गेली, बाहेर आली आणि सरळ टॅक्सीत बसली.

आगीचा काढा घ्यावा, तर विष निघायचं. विषाचा घ्यावा, तर वीज. त्याला सगळ्याचीच भीती वाटत होती.

"सगळ्यावर चालेल असं काही नाही का गं?"

"आहे. पाठराखणीचा मंत्र. कुठलाही मार असो, आईला अर्धाच बसेल. पण तिला जेवढा बसेल तेवढाच तुम्हालाही. आणि तिच्याजवळ उभं राहावं लागतं. लांब गेलात की मंत्र तुटला."

"नको. यांना नाही झेपायचं," हेमा म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. हेमाने स्पीकर लावला.

"रिपोर्ट ठीक नहीं है, दीदी," हॉस्पिटलातली बाई म्हणाली. "ऑपरेशन करना होगा. कल सुबह भर्ती हो जाइए. साथ में कौन रहेगा?"

हेमाने अनुजाकडे पाहिलं. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"मैं रहूँगा," शशिकांतचा आवाज फाटला. "मैं... इनका हज़बैंड."

आपण हे काय बोलून बसलो, असं त्याला वाटलं. पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

फोन बंद झाल्यावर त्याने झाडाआडचं आपलं प्यादं उचललं आणि हेमाच्या प्याद्याशेजारी ठेवलं. ते आडवंच पडलं.

हेमाने ते उभं केलं आणि आणखी थोडं जवळ सरकवलं.