पांजणीची सकाळ

आयोडिनचा थेंब परीक्षानळीत न पडता चंद्रकलाच्या बोटावर पडला, आणि नखाच्या कडेची तिळाएवढी जागा निळीकाळी झाली. शेजारच्या चारुशीलाने ती पाहिली.

“हात न धुताच आलीस वाटतं? काय जेवलीस, पेज?”

“पेज नव्हे, खळ.”

धरमपेठेतल्या सुखवस्तू घरच्या मुलीला याहून जास्त सांगण्यात अर्थ नव्हता. गोळीबार चौकाजवळच्या कोष्ट्यांच्या गल्लीत ही पिठाची खळ सगळ्यांच्याच हातांना असे. मागावर चढवण्याआधी सूत गल्लीभर ताणायचे, त्याला खळ लावायची आणि लांब कुंचा दोघांनी दोन टोकांना धरून फिरवायचा, ही पांजणी. ती ऊन चढायच्या आत उरकावी लागे. आई गेल्यापासून कुंच्याचे एक टोक वडिलांच्या, मारोतरावांच्या हाती असे, दुसरे चंद्रकलाच्या. कॉलेजचे प्रॅक्टिकल मात्र सकाळी साडेसातला.

तास संपल्यावर डेमॉन्स्ट्रेटरबाईंनी तिला थांबवले. “आणखी एक गैरहजेरी झाली की परीक्षेला बसता येणार नाही. हुशार असता तुम्ही लोक, पण टिकत नाही.”

वर्गात ‘तुम्ही लोक’ म्हणावे अशी ती एकटीच होती.

घरी मारोतराव मागावरून उठत होते. “उद्या पांजणी आहे वं. पहाटे उठजो.”

“उद्या प्रॅक्टिकल आहे, बाबा. आता एक जरी चुकलं, तर परीक्षा गेली.”

“शेजारच्या नत्थूजीले बोलावतो मंग.”

“त्यायच्या घरीबी उद्याच पांजणी आहे.”

“पाहू,” मारोतराव म्हणाले.

दिवाळीपासून ते पाहूच म्हणत होते. घरात मोकळे हात आता एकाच माणसाचे उरले होते. ते नाव आपल्या तोंडून निघू नये, म्हणून बापलेक एकमेकांची वाट पाहत होते.

बारा वर्षांची धाकटी बहीण शामला पाटी घेऊन जवळ आली. तिची शाळाही सकाळचीच. “ताई, हा अपूर्णांक काहून सुटत नाही मले?”

चंद्रकलाने पाटी हातात घेतली. चूक दुसऱ्याच ओळीत होती. तिने ती दुरुस्त केली, पुढच्या तीन ओळी शामलाकडून करवून घेतल्या, आणि उत्तर बरोबर आल्यावर पाटी परत दिली.

“बाबा,” ती म्हणाली, “शामलाले शाळेतून काढा. उद्यापासून कुंचा तिच्या हाती द्या.”