बॅगेने गिळलेली चिठ्ठी

मी एक बॅग आहे. सध्या कपाटावर बसून बोलतेय. दुकानातून आणलेली नव्हे, घरी शिवलेली. माझा मालक शिंपी. लग्न झालं त्याच वर्षी कुणाच्या तरी गाडीच्या सीट शिवून उरलेल्या तपकिरी रेक्झिनमधून त्याने मला उभं केलं. एक बाजू बोटभर आखूड झाली, त्यामुळे जमिनीवर ठेवलं की मी डावीकडे कलते. "ती तशीच शिवायची असते," असं त्याने बायकोला ठणकावून सांगितलं. बायको दुकानात काजं-बटणं करायची, तिला सगळं कळत होतं. तिने मान डोलावली आणि माझ्यात कपडे भरले.

नदीकाठच्या एका देवाच्या गावाला जाण्यासाठी माझा जन्म. दोघांचं ते फार लाडकं गाव. वर्षातून एकदा आम्ही जायचो, अशी बावीस वर्षं झाली.

पण आमच्या घरात एक विचित्र रीत. जो कोणी त्या गावाला जाईल, त्याच्याकडे बाकीच्यांनी आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि त्याने ते देवासमोर वाचायचं. जाणारे कायम हे दोघंच. मग काय, निघायच्या आदल्या दिवशी माझा आतला कप्पा चिठ्ठ्यांनी फुगायचा. जावेचा गुडघा, दिराचा भाडेकरू, शेजारणीच्या मुलीचं लग्न, सगळं माझ्या पोटात.

वाचायचं काम मालकीणबाईंकडे. रांगेतून पुढे आल्या की त्या भराभर एकेक चिठ्ठी वाचायच्या. मागून "चला, चला" सुरू व्हायचं आणि स्वतःचं काही सांगायच्या आत त्या बाहेर ढकलल्या जायच्या. नदीवर बसल्या तरी जिवाला चैन नाही. अमकीचं नीट वाचलं ना? तमक्याचं नाव चुकलं तर नाही? घरी आल्यावर कुणाचं काम अडलं की दोष आपलाच, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. मला त्यांची फार दया यायची, पण बॅगेला कोण विचारतो?

गेल्या वर्षी मात्र त्यांचा भाव वधारला. नणंदेच्या मुलाची बदली घराजवळ झाली. या नणंदेला पंचावन्नाव्या वर्षीही सगळे बेबीच म्हणतात. बेबी जाडजूड लोकरी शाल घेऊन आली. "वहिनी, तू मागितलंस म्हणूनच झालं," असं तिने चार माणसांत सांगितलं. मालकीणबाई खूश झाल्या, पण रात्री मला झटकताना म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी दुप्पट येणार."

म्हणून यंदा त्यांनी नवऱ्याला बजावलं, "या खेपेला कुणाला सांगायचं नाही. शनिवार-रविवार, आपण दोघंच. मला एकदा तिथे रिकाम्या हाताने जायचंय."

मालकाने सगळ्यांना सांगितलं, कापड बघायला चाललोय. बरोबर उशी आणि फ्लास्क घेऊन.

गावात पोचलो तेव्हा नेहमीच्या लॉजच्या मॅनेजरने तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली उघडून दिली. खिडकीतून नदी दिसते, खाली धोब्याच्या दोऱ्यांवर चादरी वाळत असतात. शनिवारी दुपारी मालकीणबाई चक्क झोपल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी दोघं पायऱ्यांवर बसून आले, पायांना वाळू लागलेली. मलाही बरं वाटलं. पोट हलकं असलं की प्रवास मानवतो.

रविवारी सकाळी त्यांना कंगवा सापडेना. कप्प्यात हात घातला तर तो अस्तरातून खाली गेला. खरं सांगते, अस्तर तीन वर्षांपासून उसवलेलं होतं. शिंप्याच्या घरची बॅग, तिला टाका कोण घालणार? हाताला कंगवा लागला आणि त्याबरोबर घडी केलेला एक कागद.

"अहो, हे अक्षर बेबीचं."

"यंदा कुठे दिली तिने?"

"यंदाची नाहीये. गेल्या वर्षीची. बदलीची."

मालक दाढी करता करता थांबला. "म्हणजे ती आपण वाचलीच नाही?"

"नाही ना."

"बदली तर झाली."

"झाली."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण मालकीणबाईंना हसू फुटलं. आधी बारीक, मग इतकं की त्या खाटेवर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "बावीस वर्षं जीव मुठीत धरून वाचतेय मी," त्या म्हणाल्या. मग ती चिठ्ठी टेबलावर ठेवून एकट्याच देवळात गेल्या.

परत आल्यावर मालकाने विचारलं, "काय मागितलंस?"

"काही नाही. नुसती बघत उभी होते. चला म्हणाले, तेव्हा निघाले."

त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. पण बेबीला काय सांगायचं हा प्रश्न होताच. लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं?

घरी पोचलो तर बेबी दारातच उभी. "कापड बघायला गेला होतात म्हणे," ती माझ्याकडे बघत म्हणाली. मालकाने तोंड फिरवलं. मालकीणबाईंनी चिठ्ठी तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, अस्तरासकट.

बेबी बराच वेळ आपलंच अक्षर वाचत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती शाल मी उगाच दिली म्हणायची."

"परत देऊ?"

"राहू दे. तुला बरी दिसते." चिठ्ठीची घडी घालत ती म्हणाली, "पुढच्या वेळी मीही येते. माझं मीच सांगेन."

मालकाचा चेहरा पडला. मालकीणबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "ये की. पण तुझी बॅग तुझी तू आण."

वाचकांनो, मी सुखात आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्या घराकडे कुणी चिठ्ठी घेऊन येताना दिसलं, तर त्याला वाटेतच गाठा आणि सांगा की त्या गावाची गाडी रोज सकाळी साडेसहाला सुटते, आणि बसायला जागा मिळते.