शोकेसला भोक

वायरीच्या टोकाला एक काळा मणी होता, तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा. राजनंदिनीनं तो मुठीत धरला आणि हातातल्या थर्मोस्टॅटच्या डबीवरचे आकडे चढायला लागले... एकोणतीस, तीस, साडेतीस... म्हणजे आपण जिवंत आहोत हे असं आकड्यांत दिसतं तर! काळा मणी म्हटलं की — नाही, तो विषय कोर्टात सही करून संपला. हा मणी निदान कामाचा आहे. तो आत चिकटवायचा. ऊब बत्तिसावर गेली की खालची गरम चटई आपोआप बंद. कुठं थांबायचं हे एका मण्याला कळतं, आणि माणसांना... जाऊ दे. आज चिडायचं नाही. उद्या तो येणार!

तो म्हणजे बॉल पायथन. आफ्रिकेतला बुटका अजगर, अजून अंगठ्याएवढाच जाड, काळ्या अंगावर पिवळट ढग असलेला. सरकारी नोंदणी झाली होती, नाव ठरत नव्हतं. भ्यायला की हा फूत्कारत बसत नाही — अंगाचा चेंडू करतो, डोकं मधोमध खुपसतो आणि जगाला सांगतो, जा. वारज्याला असे साप वाढवून विकणाऱ्या सुदर्शनकडे पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो तसाच चेंडू होऊन तळव्यात बसला होता, आणि तिला इतकं हसू आलं, इतकं, की सुदर्शन म्हणाला, “मॅडम, लोक इथं किंचाळतात.”

त्यानंतरचे पंधरा दिवस नुसता घराचा विचार. तिच्या नव्हे, त्याच्या. काचेची माशांची टाकी? चारही बाजूंनी उघडी, ओल टिकत नाही. प्लॅस्टिकचा टब? सुदर्शन टबाच्याच बाजूनं होता. पण टबात माणूस रद्दी ठेवतो, जीव नाही. शेवटी ऑफिसातून येऊन बूट काढताना नजर समोर गेली — चार फूट लांब, दोन फूट खोल, तीन बाजूंना लाकूड, पुढं सरकत्या काचा. शोकेस! बाबांनी लग्नात दिलेलं, अस्सल सागाचं. सासरी त्यात कप होते, ज्यांतून कधी कुणी चहा प्यायलं नाही. प्लॅस्टिकची फुलं होती. आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत, पाहुणे आले की, इंजिनिअर सून होती. पगार किती, विचारा बरं हिला! निघताना सासूनं कप ठेवून घेतले. शोकेस धाडून दिलं, कारण ते दारातून जात-येत पायाला लागायचं.

“लाकूड चालेल,” सुदर्शन विचार करून म्हणाला होता. “आतून ओल लागणार नाही असा रंग द्या, काचांना कुलूप लावा. अंग चहूकडून टेकेल अशा दोन चिंचोळ्या जागा द्या, एक उबेत, एक गारव्यात. पण एक सांगतो, दिवसा तो दिसणार नाही बरं का! पैसे मोजलेत, मग दिसत का नाही, असं विचारत लोक मागं येतात.”

दिसणार नाही. शोकेसमध्ये असेल आणि दिसणार नाही! वारज्यापासून बिबवेवाडीच्या घरापर्यंत ती स्कूटरवर एकटीच हसत आली.

आणि आज सकाळी, रंग वाळून, कुलूप बसून, सगळं जमत आलेलं असताना, वाशिमहून आईचा फोन.

“राजू, योगेश येऊन रायला संध्याकाळी टेम्पो घेऊन. ते शोकेस देऊन टाक त्याले. चाकणच्या खोलीवर नवी नवरी येते, घरात चार वस्तू दिसाले पाहिजेत. तुह्याकडे कोन येते व पाहाले?”

हो, बघते, असं काहीतरी ती म्हणाली. नेहमीसारखं. मग दोन तास मणी मुठीत धरून बसली. द्यावं का? टब आणता येईल की अजून. योगेश वाईट नाही, भाऊ आहे... पण तुझ्याकडे कोण येतं पाहायला? म्हणजे जिच्याकडे कुणी पाहत नाही तिनं काही ठेवायचंच नाही? बत्तीस वर्षांची मी, हप्ते न चुकवणारी, आजारी पडले तर स्वतःच रिक्षा करून जाणारी — मला एक खोकं ठेवायचा हक्क नाही?

तिनं ड्रिल उचललं. वायर आत घ्यायला शोकेसच्या पाठीला टेकवलं. घर्रर्र...

दार वाजलं. खालच्या मालकीणबाई, सरोजिनीताई.

“अहो, भिंतीला भोक पाडताय?”

“नाही. शोकेसला.”

“शोकेस कुणाचं?”

“माझं.”

“मग पाडा की.” त्यांनी आत डोकावून नारळाच्या भुशाची पोती पाहिली. “कुत्रं येतंय का?”

“साप.”

“करारात कुत्रं नाही असं लिहून घेतलंय,” त्या म्हणाल्या. “सापाचं सुचलं नव्हतं.” आणि जिना उतरून गेल्या.

माझं. किती पटकन म्हणाले मी! नोकरीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची. हे आयुष्यातलं स्वतः पाडलेलं पहिलं. सागाचा वास आला, ताजा, जसं काल कापलंय. तिनं वारा जायला आणखी पाडली. मजाच आली. अर्ध्या भोकांची तर गरजही नव्हती.

फोन पुन्हा.

“देलं का व?”

“आई, मी त्याला भोकं पाडलीत.”

“काहून?”

“त्यात साप ठेवणार आहे.”

तिकडं पंखा बंद केल्याचा खटका वाजला.

“नाव नको घेऊ त्याचं. जनावर म्हन.” मग, “योगेशले काय सांगू मी आता?”

“मले पाहिजे म्हणून सांग. मले पाहिजे ते, आई.”

मले! पुण्यात पहिल्याच वर्षी हॉस्टेलच्या पोरी हसल्या आणि तिनं हा शब्द जिभेवरून खरवडून काढला होता. आईशीसुद्धा ‘मला’. कुठं दडून बसला होता इतकी वर्षं?

“काय खाते ते?” आई.

“उंदीर. गोठवलेले. फ्रीझरमध्ये ठेवायचे.”

“अवं माय! अन् भाजी कुठं ठेवतं तू?”

राजनंदिनीला हसू फुटलं. तिकडं काय फुटलं ते कळलं नाही. फोन कटला होता.

तिनं भोकातून वायर आत घेतली, चटई अंथरून मणी चिकटवला आणि वर भुसा पसरला. माठाचे दोन तुकडे घासून बोथट केले आणि पालथे घातले, एक उबेत, एक गारव्यात. उलटणार नाही असं जड पाण्याचं भांडं. काचांना बाहेरून, अर्ध्यापर्यंत, काळा कागद. मग, संध्याकाळ झाली तशी, मांडी घालून समोर बसली, हात आत घालून. तीस... एकतीस... बत्तीस. टिक. चटई बंद झाली आणि ऊब राहिली.

खाली टेम्पो मागं घेतल्याची ती चिरकी धून वाजायला लागली. योगेशचा असेल, नाहीतर फर्निचरवाल्याचा. लहानपणापासून जिन्यावर पाऊल वाजलं की तिच्या डोक्यात वाक्यं रांगेला लागायची — ते असं म्हणतील, मग मी असं म्हणायचं, ते तसं म्हणाले तर तसं... तिनं वाट पाहिली. एकही वाक्य आलं नाही. भुसा ओलसर, कोमट होता, बोटं त्यात आणखी खोल जात होती, आणि जिन्यावर पावलं वाजत होती.