वीतभर गोट

मार्लिसने टेबलावरचं कागदी रुमालांचं खोकं उचललं आणि खाली, आपल्या खुर्चीच्या पायाशी ठेवलं.

"समोर असलं की रडायचं आमंत्रण दिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

"मग राहू दे तिथंच," व्हर्ना म्हणाली.

बियाण्यांच्या दुकानावरच्या या खोलीत मार्लिस दर सोमवारी अकराला व्हर्नाकडे समुपदेशनासाठी येत होती, त्याला चार महिने झाले होते. खोलीत हीटर चालू असे, तरी तिने एकदाही कोट काढला नव्हता. आधी दोन मिनिटं दोघी गप्प बसत. त्यांच्यात घरोघरी जेवणाआधी मान खाली घालून बसतात तशा, पण इथे शेवटी 'आमेन' नसे. प्रार्थना तू म्हणशील तेव्हाच, असं व्हर्नाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मार्लिस अजून तसं म्हणाली नव्हती.

"तुझी लेक गेली त्या आठवड्यात देव कुठे होता असं वाटतं तुला?" व्हर्नाने विचारलं. "शोभेलसं उत्तर नको. खरं सांग."

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिलं. धान्याचा एक ट्रक धूळ उडवत गेला.

"दारात उभा होता. कोटबिट घालूनच. हातात नूडल्सचं झाकलेलं भांडं. 'इथंच ठेवतो हं, घाईत आहे,' असं म्हणाला असेल."

व्हर्नाला हसू आलं. मग मार्लिसलाही. 

"लोकांनी जेवण आणलेली सगळी भांडी मी घासून परत केली. तळाला नावाची पट्टी असते ना प्रत्येकाच्या. अठ्ठावीस नावं वाचली त्या आठवड्यात. तिचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. दीड वर्ष झालं, व्हर्ना. केल्विनसुद्धा, तिचा बाप असून, 'ते' म्हणतो. 'ते झालं तेव्हा' म्हणतो. अकरा दिवस होती ती. अकरा दिवसांत माणूस 'ते' होतं का?"

व्हर्नाने पेन वहीवर आडवं ठेवलं.

"काल चर्चमध्ये रायमरांच्या बाळाला पुढे नेलं," मार्लिस म्हणाली. "गोधडी दिली. मी उठून बाहेर आले. गाडीत बसून राहिले."

व्हर्नाने ते पाहिलं होतं. ती तिसऱ्या बाकावर होती. त्यांच्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. आईबाप त्याला घेऊन पुढे येतात, सगळी मंडळी उभी राहून त्याला सांभाळायचं वचन देतात आणि बुधवारच्या शिवणाऱ्या बायका गोधडी देतात. गोधडीवर बाळाचं नाव असतं. त्या दिवसापर्यंत आईला ती दाखवत नाहीत. काठाच्या गोटाची शेवटची वीत सुईदोऱ्यासकट उघडी ठेवलेली असते. ती आईने सगळ्यांसमोर शिवून बंद करायची.

"टिल्डाचीही शिवायला घेतली असेल," मार्लिस म्हणाली. "उसवली असेल आता. आपल्यात कुठे कापड वाया घालवतात? एखादा चौकोन रायमरांच्या पोराच्या अंगावर असायचा." ती हसली नाही. "मला तो चौकोनही चालला असता."

व्हर्नाला पिवळ्या-राखाडी चौकटी डोळ्यांसमोर दिसल्या. तिसऱ्या रांगेतले टाके तिचे होते. बुधवारच्या टेबलाशी ती वीस वर्षं बसत होती. गोधडी उसवलेली नाही हे तिला माहीत होतं, आणि चार महिने समोरच्या या बाईला तिने ते सांगितलं नव्हतं. खोलीचे नियम असतात. आपल्या खिशातलं उत्तर दुसऱ्याच्या हातात कोंबायचं नाही, असं ती नव्या समुपदेशकांना शिकवायची. पण तिला गप्प ठेवलं होतं ते या नियमाने नव्हे.

"मार्लिस," ती म्हणाली, "गोधडी उसवलेली नाही. चर्चच्या तळघरात कपाटात आहे."

मार्लिसने तिच्याकडे वळून पाहिलं.

"अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी बायकांनी मला विचारलं. तुझं हेच काम, तूच सांग, म्हणाल्या. त्या तुझ्याकडे गोधडी घेऊन निघाल्या होत्या. थांबा म्हणणारी मी होते. जखम ओली आहे, ती स्वतः विषय काढेपर्यंत कुणी काढू नका, नावही घेऊ नका, असं सांगितलं मी. त्यांनी ऐकलं. तू इथे यायला लागलीस, तेव्हा पहिल्याच दिवशी मी हे सांगायला हवं होतं."

"दीड वर्ष," मार्लिस म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, विसरले सगळे."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं." मार्लिस उठली. कोट अंगातच होता, त्यामुळे तिला निघायला काही वेळ लागला नाही. दारात ती थांबली. "आज प्रार्थना करा म्हणणार होते मी," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मार्लिसच्या तासातली वीस मिनिटं उरली होती. व्हर्ना ती पुरी होईपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली.

बुधवारी तळघरात सातजणी होत्या. टेबलाच्या कडेला आलुबुखारचा केक कापून ठेवला होता. व्हर्ना एकच टाका तिसऱ्यांदा उसवत होती.

"काय गं, डोळे दुकानात विसरलीस का?" गेर्टी मावशी म्हणाली. चौऱ्याऐंशीची होती ती, आणि चष्म्याशिवाय दोरा ओवायची. "हे असले टाके घातलेस तर पोराचा अंगठा अडकेल त्यात."

जिन्यावर पावलं वाजली. मार्लिस शेवटच्या पायरीवर उभी होती. बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी केकची ताटली उगाच सरकवली.

"मला टिल्डाची गोधडी हवी आहे," मार्लिस म्हणाली.

व्हर्ना उठायला गेली, पण गेर्टी मावशी आधीच टेबलाला धरून उभी राहिली होती. तिने कपाट उघडलं, जुन्या चादरीतलं गाठोडं काढलं आणि ते टेबलावर सोडलं. पिवळे-राखाडी चौकोन. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव. मार्लिसने आधी नावाला हात लावला नाही. तिची बोटं काठावरून फिरत उघड्या वितीपाशी आली. दोरा लोंबत होता, सुई खोचलेली होती.

ती वाकून पाहू लागली. तिची आई शिवणकाम करायची, आणि हे तळघर किती ओलं आहे ते तिला ठाऊक होतं.

"सुई चकचकीत आहे."

"मग काय गंजकी ठेवू?" गेर्टी मावशी म्हणाली. "दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलते मी. लवकर येते, या सगळ्या जमायच्या आत."

व्हर्नाने मान वर केली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"व्हर्नानं तर सांगितलं होतं तुम्हाला," मार्लिस म्हणाली. "बोलू नका म्हणून."

"तुझ्याशी बोलू नका म्हणाली होती." गेर्टी मावशीने दोऱ्याचा गुंता नखाने सोडवला. "टिल्डाशी बोलायला कुणाची मनाई होती? सुई बदलताना सांगायची मी तिला. थांब हं बाळा, आई येतेय तुझी. वेळ लागतो एकेकीला."

मार्लिसने नावावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून ती उभी राहिली. मग तिने व्हर्नाकडे पाहिलं. माफ केलं असं त्या नजरेत नव्हतं. व्हर्ना खुर्चीवरून उठली आणि खिडकीखालची उजेडाची ती जागा तिने मोकळी केली.

मार्लिस बसली. तिने सुई बोटांत धरली.

"अगं, कोट काढ आधी," गेर्टी मावशी म्हणाली. "लोकर चिकटेल सगळी सुताला."

मार्लिस उठून बटणं सोडू लागली. जिन्याजवळच्या खुंट्यांवर आधीच सात कोट होते. रिकामी खुंटी नव्हती, म्हणून तिने आपला व्हर्नाच्या कोटावरच टांगला.