पान चौदा

"चहा निवला बघ," सासूबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

ताईंनी ऐकलं, पण कपाकडे हात गेला नाही. त्यांचं बोट स्क्रीनवरच्या सातव्या ओळीवर टेकलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं. सातव्या ओळीत 'मनी' होती.

प्रोग्रामर लोकांचा एक फोरम आहे. ज्याचं अडलं त्याने आपला कोड तिथे चिकटवायचा, ज्याला जमेल त्याने उत्तर द्यायचं. नोकरी गेल्यापासून ताई रोज दुपारी तासभर तिथे बसत. एक्सएमएल पद्धतीच्या माहितीच्या फाइलमधलं काही सापडत नाही, पानावरची लिंक नीट उमटत नाही, असले प्रश्न त्या भाजी निवडता निवडता सोडवत. हाताला सवय होती, आणि घरात बोलायला एकच माणूस होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. आता या दोघीच.

आजचा प्रश्नही नेहमीतलाच होता. बाहेरच्या लॅबकडून रोज एक्सएमएल फाइल येते, तिच्यातून पेशंटचे रिपोर्ट शोधणारी क्वेरी गेल्या आठवड्यापर्यंत चालत होती, आता एकही रिपोर्ट सापडत नाही. चूक काय तेही सांगत नाही, नुसतं शून्य दाखवते. दुसरं म्हणजे, रिपोर्टची लिंक निळी उमटायच्या ऐवजी तिचा सगळा कोड कंसांसकट पानावर दिसतो. सोमवारी सकाळी दहाला संचालकांना दाखवायचं आहे, लवकर मदत करा.

खाली कोड होता. कोडमध्ये माहिती तात्पुरती ठेवायला डबे लागतात, आणि त्या डब्यांना काहीतरी नाव द्यावं लागतं. ताई नोकरीला होत्या त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये प्रिंटरच्या उबेला एक मांजर येऊन झोपायची. अकरा वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या दुपारी ताईंनी एका डब्याला तिचं नाव दिलं होतं. जगात दुसरं कोणी असल्या डब्याला 'मनी' म्हणणं शक्य नव्हतं.

कोडच्या अगदी वर, जिथे त्यांनी स्वतःचं नाव आणि तारीख लिहिली होती, तिथे आता दुसरंच नाव होतं. प्रश्न विचारणाऱ्याचंही तेच. शेजारी फोटो. फोटोत टाय.

त्याला ऑफिसात सगळे टायच म्हणायचे. भर उन्हाळ्यातही तो टाय सोडत नसे. ताईंच्या हाताखाली आला तेव्हा त्याला एक्सएमएलमधला टॅग, म्हणजे माहितीला लावलेली पाटी, कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंही धड कळत नव्हतं. ताईंनी त्याला शेजारी बसवून शिकवलं, त्याच्या चुका आपल्या अंगावर घेतल्या. चौथ्या वर्षी तो साहेबांच्या केबिनमध्ये जरा जास्त वेळ बसू लागला. पाचव्या वर्षी ताईंना बोलावणं आलं. समोर साहेब होते, बाजूच्या खुर्चीत टाय. ताईंकडे न बघता तो म्हणाला, "ताईंबद्दल मला आदरच आहे, सर. पण नवीन गोष्टी आता त्यांना झेपत नाहीत."

बावीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात गेली. जाताना ताईंनी शेहेचाळीस पानांची फाइल लिहून दिली होती, कुठे काय आहे, कुठे काय बिघडू शकतं. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

"आई," ताई म्हणाल्या, "तो सापडला."

"कोण?"

"टायवाला. मदत मागतोय. माझाच कोड लावलाय इथे, स्वतःच्या नावाने."

सासूबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची जवळ ओढली. रागाच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा होता. धाकट्या जावेशी त्या एकतीस वर्षं बोलल्या नव्हत्या, आणि ते कधी चुकलं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

"त्याला काय येत नाहीये?"

"लॅबने फाइलच्या पहिल्या ओळीत नेमस्पेस घातलीय. म्हणजे आतल्या प्रत्येक टॅगला आडनाव लागलं. हा अजून नुसत्या नावाने हाका मारतोय, मग ओ कोण देणार?"

"आणि दुसरं?"

"कोडमध्ये लिंक लिहिली की पान तिच्याकडे संशयाने बघतं, साधा मजकूर म्हणून दाखवतं. लिंक पानाच्या साच्यातच लिहायची आणि तिला फक्त पत्ता पुरवायचा. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "बसू दे बोंबलत."

"दुसरं कोणी सांगेल. इथे हजार जण आहेत."

ताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग भराभर टाइप करू लागल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिलं. दुसऱ्यात मुद्दाम सापळा लावला. पानाचा तो संशयी स्वभावच सरसकट बंद करून टाका, त्यांनी लिहिलं, एक शब्द बदलला की झालं. लिंक लगेच निळी उमटली असती. सोमवारी टायने संचालकांसमोर कॉलर ताठ केली असती. आणि त्या दिवसापासून पानाचं दार सताड उघडं राहिलं असतं. कोणीही नावाच्या रकान्यात नावाऐवजी भलताच कोड भरला असता आणि पान तो मुकाट्याने चालवत बसलं असतं. महिना, दोन महिने, कधीतरी चोरी झालीच असती. आणि चौकशीत सापडला असता तो टाय.

त्यांनी सासूबाईंना ते समजावून सांगितलं. सांगताना त्यांना बरं वाटत होतं.

"म्हणजे चोर काय नेणार?"

"रिपोर्ट. कोणाला काय आजार आहे ते सगळं."

"माझा पण?"

ताईंनी होकाराची मान हलवली. सासूबाई दर तीन महिन्यांनी त्याच हॉस्पिटलात रक्त तपासायला जात.

"मग हे नको," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या साखरेची उठाठेव चारचौघांत कशाला? त्याला गाठायचं तर एकट्याला गाठ."

ताईंनी लिहिलेलं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. फाइलची पहिली ओळ दाखवली, आडनाव कसं लावायचं ते दाखवलं, सुधारलेली क्वेरी दिली. लिंकचं काय करायचं तेही लिहिलं. संशय बंद करण्याचा सोपा उपाय कोणी सुचवला तर तो का करायचा नाही, हेसुद्धा लिहिलं. इतकं स्वच्छ उत्तर त्यांनी आजवर कोणाला दिलं नव्हतं. कालच्या शिकाऊ पोराला समजावं असं. मग शेवटी एक परिच्छेद जोडला:

"प्रश्नातला कोड मी अकरा वर्षांपूर्वी लिहिला आहे. वरचं नाव नंतर बदललेलं दिसतं. 'मनी' हे आमच्या ऑफिसातल्या मांजरीचं नाव. या दोन्ही अडचणी येऊ शकतात, हे मी काम सोपवताना दिलेल्या फाइलच्या चौदाव्या पानावर उपायांसह लिहिलेलं आहे. ते पान वाचलं जावं, ही विनंती."

"नाव लिहिलंस का?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं लिहिलं. पूर्ण."

"आणि त्याचं?"

"त्याचं त्यानेच लिहिलंय."

सासूबाई हसल्या. ताईंनी बटण दाबलं आणि गार चहा एका दमात पिऊन टाकला.

टायचा फोन पुढच्या गुरुवारी आला. तोवर त्या उत्तराला दोनशेच्या वर लोकांनी पसंती दिली होती. खाली कोणीतरी मांजरीची चौकशीही केली होती. टायने प्रश्न काढून टाकायचा प्रयत्न केला होता, पण एकदा लोकांनी पसंत केलेलं उत्तर आलं की तो फोरम प्रश्न काढू देत नाही.

"ताई, कशा आहात?"

"चांगली आहे."

"सोमवारचं छान झालं. तुमच्यामुळेच, खरं सांगतो." तो थांबला. "ताई, तो शेवटचा परिच्छेद तेवढा काढाल का? साहेबांनी बाहेरचा एक सल्लागार नेमलाय. त्याने माझं नाव शोधलं, तर पहिलं तेच वर आलं."

"हो का."

"त्यांनी आता ती फाइल मागितलीय. मी… ताई, मला दोन लहान मुलं आहेत, तुम्हाला माहितीय."

"माहितीय. थोरलीच्या वाढदिवसाला केक मीच आणला होता."

"तुम्ही मला बहिणीसारख्या आहात."

ताई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "असं करा, तो परिच्छेद समोर घ्या. त्यातला एक शब्द खोटा असेल तर सांगा. तेवढा शब्द आत्ता काढते."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. कोणत्या पंख्याचा, हेही ताईंना कळलं. त्यांच्या टेबलावरचाच तो.

"फाइल वाचली होती?" त्यांनी विचारलं.

"वेळच मिळाला नाही, ताई."

"मग आता वाचा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांची तावदानं पुसली. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. रात्री त्या गाढ झोपल्या. त्याच्या मुलांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

दीड महिन्याने रिसेप्शनवरच्या जुन्या मैत्रिणीने बातमी दिली. टायला जायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी कोणाशी न बोलता खोकं घेऊन निघून गेला म्हणे.

"आणि त्याच्या जागी कोण?" ताईंनी विचारलं. त्यांच्याही नकळत त्या ताठ बसल्या होत्या.

"कोणी नाही गं. बाहेरच्या कंपनीला दिलं सगळं. त्यांनी जुनं एक अक्षर ठेवलं नाही. सगळं नवीन. रेकॉर्ड रूममध्ये आता व्हीलचेअर ठेवतात."

"बरं," ताई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं."

सासूबाईंना त्यांनी पहिला अर्धाच भाग सांगितला. सासूबाईंनी मांडीवर थाप मारली आणि दुपारभर खुशीत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्याच हॉस्पिटलात तपासणी होती. सासूबाईंना बाकावर बसवून ताई खिडकीशी गेल्या. आतली मुलगी नवीन होती, तिने ताईंना ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"नवीन सिस्टिम आहे, काकू. फॉर्म परत भरावा लागेल. तुमचीही माहिती हवी, सोबत आलेल्यांची."

ताईंनी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नात्यापुढे 'सून' लिहिलं. त्याखाली व्यवसायाचा रकाना होता, बोटभर रुंदीचा. मागच्या माणसाने खाकरून पाहिलं. ताईंनी 'प्रोग्रामर' लिहिलं. शेवटचं अक्षर चौकटीत मावलं नाही, ते बाहेर गेलं.

मुलीने फॉर्म वाचला. "कुठे असता?"

"इथेच होते," ताई म्हणाल्या. "बावीस वर्षं."

मुलगी 'हो का' म्हणाली, फॉर्मवर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हात केला. ताईंनी पेन दोरीसकट जागेवर ठेवलं आणि सासूबाईंना उठवायला गेल्या.